पंचेचाळीस प्लसमधला तिसरा

४ ऑक्टोबर
सकाळी साडूचा फोन. डिसेंबरात टेकडीवर शर्यत आहे. आधी धावायचं, मग सायकलवर टेकडी चढून उतरायची, मग पुन्हा धावायचं. तो नाव देतोय. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. गेल्या वर्षी पंचेचाळीसच्या वरच्या गटात तो पाचवा आला होता. पहिला नाही, दुसरा नाही, पाचवा. तरी सासरेबुवांनी त्याचा घामेजलेला फोटो वर्षभर फोनवर लावून ठेवला. पोहता न येणाऱ्यांनी शोधून काढलेला खेळ आहे हा.
दुपारी मीही नाव दिलं.

५ ऑक्टोबर
हिला सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, गुडघ्यांना विचारलंस का? या घरात प्रोत्साहन नावाची वस्तू मिळत नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

६ ऑक्टोबर, सकाळी साडेआठ
शरीराला झोपेची गरज आहे असं दिसून आलं. ट्रेनिंगमध्ये रिकव्हरी फार महत्त्वाची असते. लोकांना हे कळत नाही. ते उठतात.

१२ ऑक्टोबर
सायकल घेतली. दुकानदार म्हणाला, कुठे चालवणार? टेकडीवर, म्हटलं. त्याने सायकलकडे पाहायचं सोडून माझ्या पोटाकडे पाहिलं आणि जास्त गिअरवाली घ्या म्हणाला. गिअर कमजोर माणसांसाठी असतात असं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, असू द्यात साहेब, वापरले नाहीत तर झिजणारही नाहीत. उद्धट माणूस. तीच घेतली, कारण रंग चांगला होता.

२० ऑक्टोबर
बागेत धावलो. तिथे बायकांचा एक ग्रुप गप्पा मारत धावतो. सुनांबद्दल, पडद्यांच्या कापडाबद्दल. धावताना बोलता येत असेल तर ते धावणं नव्हे. मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. त्या दोनदा माझ्या पुढे गेल्या, पण त्यांचं लक्ष गप्पांत होतं आणि माझं तंत्रावर.

३ नोव्हेंबर
ऑफिसात लिफ्ट बंद. म्हणजे माझ्यापुरती. आमचं डिस्पॅच चौथ्या मजल्यावर आहे. दुपारी फायली असल्यामुळे लिफ्ट सुरू केली. पर्चेसवाल्याने विचारलं, नुसतं पूर्ण केलं तरी मेडल देतात का? या माणसाने आयुष्यात खुर्ची सोडून कशावर चढाई केलेली नाही. त्याला म्हटलं, मी पूर्ण करायला जात नाहीये.

२३ नोव्हेंबर
साडू म्हणतो, रविवारी टेकडीवर एकत्र प्रॅक्टिस करू. माझी तयारी बघून घ्यायचा डाव. नाही म्हणालो. स्वतंत्रपणे मोटारीतून टेकडी पाहून आलो. अर्धी पाहिली. पुढे रस्ता तसाच असणार.

१२ डिसेंबर
उद्या शर्यत. हिला म्हटलं, येतेस का? कामं आहेत म्हणाली. एका अर्थी बरं झालं. घरची माणसं आली की ती टाळ्या वाजवतात आणि खेळाडूचं चित्त विचलित होतं. साडूची बायको दर वर्षी जाते. त्याला लागतं तसलं.

१३ डिसेंबर, दुपारी
जिंकलो. म्हणजे तिसरा आलो. नीट लिहून ठेवतो.
सुरुवातीला मी सगळ्यांच्या पुढे होतो. फार वेळ नाही, पण होतो. नंतर एकेक जण पुढे जायला लागला. त्यात आजोबा म्हणावेत असा एक गृहस्थ होता. त्याचे मोजे दोन वेगवेगळ्या रंगांचे होते. असल्या लोकांना प्रवेश कसा देतात कळत नाही. साडू मागून आला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, दमाने घे. मी मान डोलावली. बोलण्याइतका श्वास नव्हता.
मग सायकल. टेकडी मोटारीतून दिसली तेवढी सपाट नाही. रस्ता खराब नाही, पण त्याचा कल चुकीचा आहे. दुसऱ्या वळणावर सायकलची चेन कुरकुरायला लागली, म्हणून उतरलो. पायही कुरकुरत होते, पण मुख्य कारण चेन. कठड्यावर बसलो. वरून उतरणारे सुसाट चालले होते, खालून चढणारे जीभ बाहेर काढून येत होते. एकूण दृश्य केविलवाणं.
चेन नीट तपासता यावी म्हणून सायकल वळवून उभी केली. तोंड उताराकडे आलं. बसून पाहिलं तर चेन उत्तम. आणि सायकल निघाली. उतारावर मध्येच ब्रेक मारणं धोक्याचं असतं, हे कोणालाही विचारा. चढणाऱ्यांपैकी एक पोरगी मला पाहून म्हणाली, भारी काका. मी हात हलवला.
पुढचं धावणं सोपं गेलं. बाकीचे का लंगडत होते कळलं नाही. तयारी नसते लोकांची.
माईकवर पंचेचाळीस प्लसमध्ये तिसरा म्हणून माझं नाव पुकारलं. चौथा साडू. गळ्यात मेडल. साडूने टाळ्या वाजवल्या. चेहरा पडला होता, पण वाजवल्या.

१३ डिसेंबर, संध्याकाळी
साडू आणि मेहुणी केक घेऊन आले. हे लोक जळतातही गोड पदार्थ घेऊन. साडूने विचारलं, वरून व्ह्यू कसा वाटला? म्हटलं, मी व्ह्यू बघायला आलो नव्हतो. तो म्हणाला, तसं नाही, यंदा तिथे पाण्याची टाकी रंगवलीय. म्हटलं, हो, छान दिसते. मेहुणीने हिच्याकडे पाहिलं. ही केक कापत होती. कापून झाला तरी कापत राहिली.
सासरेबुवांचा फोन आला. माझा फोटो लावणार म्हणाले.

१४ डिसेंबर
मेडल ऑफिसात कॉम्प्युटरला अडकवलं. मोठे साहेब स्वतः पाहून गेले. पर्चेसवाला हात मिळवायला आला. दोन बोटं दिली.
घरी आलो तर ही पोळ्या करत होती. पाठमोरीच बोलली. काल कामं वगैरे काही नव्हती म्हणे. मला कळू न देता मेहुणीबरोबर सकाळीच टेकडीवर गेली होती. अगदी वरच्या वळणावर. मला सरप्राइज म्हणून. माझ्यासाठी लिंबूपाणी नेलं होतं. मागे राहिलेल्यांना उचलणारी शेवटची गाडी येईपर्यंत दोघी उभ्या होत्या.
मी म्हटलं, हेल्मेटमुळे ओळखू आलो नसेन.
ती म्हणाली, "मी सगळ्यांना ओळखलं. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांनासुद्धा पाणी दिलं." मग गॅस बंद केला आणि म्हणाली, "अर्ध्यात बसून राहिला असतास ना, तर मी खाली चालत आले असते."
टाकीला रंग दिलेला नाही. टाकी पडून दोन वर्षं झाली.

१६ डिसेंबर
दोन दिवस ही बोलते आहे, पण फक्त कामापुरतं. मीठ हवं का. किल्ली घेतलीस का.
आयोजकांना ईमेल केला. त्यांच्या व्यवस्थेतील गंभीर त्रुटींकडे लक्ष वेधलं. वरच्या वळणावर नोंद ठेवणारा माणूसच नव्हता. त्यामुळे एखादा खेळाडू तांत्रिक कारणाने वर न पोचल्यास त्याच्यावर मेडल लादलं जातं. असं लादलेलं मेडल मी परत करत आहे. कडक भाषा वापरली.

१९ डिसेंबर
निकाल बदलला. साडू तिसरा. त्याचा फोन आला. वाटलं, टोमणा मारणार. तर म्हणतो, पहिल्या वर्षी मीही त्याच कठड्यावर बसलो होतो, शेवटची गाडी उचलून घेऊन गेली. पुढच्या वेळी बरोबर जाऊ. चांगुलपणा दाखवायची ही हौस मला मुळीच आवडत नाही. बराच वेळ बोललो.
पर्चेसवाल्याने मेडल कुठे विचारलं. पॉलिशला दिलंय म्हटलं.

२७ डिसेंबर, रविवार
साडेआठला उठलो. ही घरात नाही, सायकलही नाही. चोरी झाली असं समजून खाली वॉचमनवर ओरडलो. तो म्हणाला, मॅडम घेऊन गेल्या. गेल्या रविवारीही नेली होती.
दहाच्या सुमाराला आली. तोंड लालभडक, केस कपाळाला चिकटलेले. मेहुणीबरोबर टेकडीवर गेली होती. फार हळू गेले म्हणाली, पण उतरले नाही. गिअर छान आहेत म्हणाली. ओट्याशी उभ्याउभ्याच काल उरलेला भात खाल्ला. पुढच्या शर्यतीला ती नाव देतेय. मला विचारलं नाही, पण येऊन टाळ्या वाजवशील का, एवढं विचारलं.
शर्यतीचं दडपण नसताना टेकडी कोणीही चढेल. हे तिला सांगणार होतो.
ती आंघोळीला गेल्यावर सायकल पाहिली. सीट चांगली वीतभर खाली केली आहे. वर घ्यायला पाना आणला. मग सीट नीट आवळली, होती तिथेच.