आई कुणाच्या हातचं जेवते

लक्झर, इजिप्त
१८ जानेवारी २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम.

तू आणि आई बऱ्या असाल. मी ठीक. फोनवर आपण दोघी लगेच भांडायला लागतो, म्हणून हॉटेलच्या कागदावर लिहून फोटो पाठवतेय. चष्मा लावून वाच.

इजिप्त छान आहे. छान म्हणजे काय, सगळं मोठं आहे. काल कर्नाकचं देऊळ पाहिलं. खांब एवढाले की वर बघून मान अवघडली. गाइड कुठल्या कुठल्या राजांचं सांगत होता आणि मी तिथेच एका पडलेल्या दगडावर बसून झोपले. चक्क झोपले गं! ग्रुपमधल्या पुण्याच्या एका बाईंनी हलवून उठवलं. "अहो मॅडम, एवढ्या लांब झोपायला आलात का?" म्हटलं, हो, त्यासाठीच आले. त्या खूप हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

आपल्या गावी, भाज्यात, आपण शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना नावं ठेवतो ना, आता मीही तसलीच झालेय. टोपी, पाण्याची बाटली आणि "हे किती जुनं?" देवळामागच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने आमच्या बसकडे अगदी आई बघायची तसं बघितलं, कपाळाला आठ्या घालून. घरची आठवण आली. पण खरं सांगते, घरी जावंसं वाटलं नाही.

आज एका सरदाराच्या थडग्यात उतरलो. भिंतीभर त्याला जेवण वाढतानाची चित्रं. भाकरी, बदकं, द्राक्षं. गाइड म्हणाला, मेलेल्या माणसालाही हे लोक जेवायला घालायचे. मला रडूच आलं. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून बरं.

तुझा मेसेज मी उठल्याउठल्या वाचला होता. आई तुझ्या हातचा घास घेत नाही. "तू कोण गं बाई, माझ्या यशीला बोलव" म्हणते. मीच यशोधरा म्हटलंस तर तोंड फिरवते. लवकर ये, असं लिहिलंयस. दिवसभर त्याचं उत्तर टाळत हिंडले. आता सांगते.

ती यशी मी आहे, ताई.

गेल्या वर्षी ती मला ओळखेनाशी झाली. "माझी यशी कुटं हाय?" एवढंच म्हणायची आणि ताट सरकवून द्यायची. समजावलं, ओरडले, एकदा ताट आपटलंसुद्धा. मग एका संध्याकाळी ऑफिसातून दमून आले होते, वाद घालायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "आई, मीच यशी. ठाण्याहून आले." तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि सगळा भात खाल्ला. तेव्हापासून मी रोज ठाण्याहून येते. तुझ्या पोरांची खुशाली सांगते, तुझ्यासारखं "बरं का आई" म्हणते. तुझा राग यायचा, लय यायचा. करायचं मी आणि नाव तुझं!

एकदा न राहवून विचारलं, "आणि प्रेरणा कशी आहे?"

म्हणाली, "ती लय गुणाची. तोंडानं फटकळ हाय, पर जीव लावती. रुसून कुटं गेली काय म्हाईत. तुला भेटली तर म्हणावं, ये."

मी मोरीत जाऊन रडले.

तर ताई, आता तू मी हो. यशी ठाण्याला गेलीय, येईल, असं सांग. मागच्या दाराने बाहेर जा, पुढून आत ये, चपला आपट आणि "आई, जेवलीस का नाही अजून?" असं खेकसून विचार. मी तशीच यायचे. म्हण, मी प्रेरणा. भात अगदी मऊ कर, वर आमटीचं नुसतं पाणी घाल. खाईल बघ.

मी लवकर येणार नाही, शुक्रवारीच येईन. फार थकलेय गं. आणि त्यानंतर तू लगेच ठाण्याला निघालीस तर मला एकटीला हे होणार नाही. आईला थोडे महिने तुझ्याकडे ने, नाहीतर तू भाज्याला राहा. भांड हवं तर माझ्याशी, पण नाही म्हणू नकोस.

आज ती जेवली की लगेच कळव. आणि प्रेरणा आलेली बघून ती काय म्हणाली, ते शब्द न् शब्द लिही. मला स्वतःला ते कधी ऐकायला मिळायचं नाही.

तुझी धाकटी,
प्रेरणा