आडवी गिटार, समोरची खोली आणि माझी गाणी

बुद्ध आणि बाबासाहेबांना वंदन करून मी, सत्यशीला मुखरू शेंडे, वय छप्पन्न वर्षे, धंदा गायन, राहणार ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, सगळं नीट आठवतं, आणि हे लिहिण्यासाठी माझ्यावर कुणी जोर केलेला नाही. आवाज तेवढा गेला आहे. घशातल्या गाठीमुळे दोन वर्षांपूर्वी नागपूरला माझं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून मी पाटीवर लिहून बोलते. आता डॉक्टर म्हणतात, गाठ पुन्हा आली आहे. म्हणून हा कागद. वकिलांचा मसुदा मला फार कोरडा वाटला. त्यातली कायद्याची वाक्यं ठेवून बाकीचं मी माझ्या हाताने लिहिलं आहे.

कलम १. माझ्या मालकीचं राहतं घर मी माझी एकुलती मुलगी रिना हिला देते. ती गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स आहे. मात्र घराची समोरची खोली अब्दुल वहाब शेख, राहणार घुग्घुस, यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील. तिथे त्यांनी राहावं, वाजवावं, कुणाला शिकवावं. त्यांना कुणी उठवू नये, भाडं मागू नये. त्यांच्यानंतर खोली रिनाची.

वहाबभाईंनी माझ्या गाण्याला आयुष्यभर साथ केली. त्यांची बायको जाहिदा वारल्यापासून ते घरात एकटेच राहतात आणि घुग्घुसच्या धुळीत त्यांचा दमा वाढतो. रिना, तू विचारलंस, "आई, लोकं काय म्हणतीन?" लोक आधीपासूनच म्हणत आले आहेत. तुझे बाबा, कालकथित मुखरू, भात गिरणीत पोती उचलायचे. तिथे एकाने त्यांना याच गोष्टीवरून टोमणा मारला. ते म्हणाले, "माही बायको गाते, तो वाजवते. तुले काय तरास आहे?" आणि पुढच्या कार्यक्रमाला स्वतः वहाबभाईंच्या गिटारीची पेटी डोक्यावर घेऊन जीपपर्यंत चालत गेले. तेव्हा तू याची काळजी करू नकोस.

कलम २. सागवानाची आडवी गिटार, तिची लोखंडी कांडी, बोटांत घालायच्या नख्या आणि गिटार ठेवायची पेटी हे सर्व मी वहाबभाईंची मुलगी नाहीद हिला देते.

ही गिटार कायद्याने माझी कशी, ते सांगते. वहाबभाई सुतार. तरुणपणी ते बँड पार्टीत उभी गिटार वाजवायचे. आरागिरणीत करवतीने त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. आता तारा दाबता येणार नाहीत, संपलं, असं सगळे म्हणाले. पण मांडीवर आडवी ठेवलेल्या गिटारीला बोटांनी तार दाबावी लागत नाही, कांडी धरून सरकवली की सूर निघतो. कांडी धरण्यापुरता हात त्यांच्याकडे होता. उसन्या गिटारीवर ते शिकले. घुग्घुसच्या एका लग्नात मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. नवरीला निरोप देताना ते वाजवत होते आणि मांडवात एकही माणूस बोलत नव्हता. माझ्या मनात आलं, हे वाद्य वाजत नाही, हे गातं.

मी गळ्यातली पोत मोडली, सागवान आणि तारा आणल्या. गिटार त्यांनी स्वतः घडवली. घ्या म्हटलं तर म्हणाले, "लकडी तुमची, बाई. मी फक्त कारागीर." हे त्यांनी कधी सोडलं नाही, म्हणून ती आजही माझी.

नाहीदला ती वाजवता येते. तिने ती स्टेजवर वाजवावी की घरात, हे तिचं तिने ठरवावं. माझी अट नाही. काचेच्या कपाटात मात्र ठेवू नये.

कलम ३. मी रचलेली आणि चाली बांधलेली सर्व गाणी मी माझा धाकटा भाऊ अश्वजित याला देते.

हे वाचून रिनाला राग येईल. तिने पूर्ण वाचावं.

आमची गायन पार्टी अश्वजित चालवायचा. जयंती असो, धम्मपरिषद असो, ब्रह्मपुरीपासून पार मोहर्लीपर्यंत आम्हाला बोलावणं असायचं. सुरुवातीला आयोजक कुरकुर करायचे, की आपल्या स्टेजवर हे सिनेमाचं वाद्य कशाला. मी म्हणायची, गिटार नाही तर मीही नाही. हळूहळू लोक गिटारीसाठीच थांबू लागले.

मग ब्याण्णव साली नागपूरच्या एका कॅसेटवाल्याने बोलावलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. गाणी ऐकून तो म्हणाला, "बाई, आवाज मस्त आहे. हे रडकं वाद्य काढून टाका. कॅसिओवर सगळं निघते."

वहाबभाई तिथेच, मांडीवर गिटार घेऊन बसले होते. ते नख्या काढू लागले. मला म्हणाले, "तुम्ही गाऊन घ्या, बाई. मी खाली चहा पितो."

मी म्हटलं, "नख्या घाला."

अश्वजितने माझा हात धरला. "ताई, असा चान्स पुन्हा भेटन का? एका माणसापायी काऊन समद्यायचं नुकसान करतेस?"

मी वहाबभाईंना घेऊन निघाले. अश्वजित मागे राहिला. त्याने दुसरी गायिका उभी केली आणि माझीच गाणी कॅसिओवर भरली. कॅसेट खूप खपली. पुढच्या जयंतीला माझ्याच गल्लीत भोंग्यावर माझं, शेताच्या बांधावरून येणाऱ्या माईचं गाणं वाजलं, 'धुऱ्यावरून चालत आली माय शाळेच्या दारी', आणि कव्हरवर माझं नाव नव्हतं. मी दार लावून घेतलं. त्यानंतर भावाशी बोलले नाही. वहाबभाई आणि मी लहान गावांतून, जो बोलावेल त्याच्याकडे, एसटीने जात राहिलो. गिटार सोडली नाही याचं मला एक दिवसही वाईट वाटलं नाही. भाऊ गेला याचं रोज वाटायचं.

ऑपरेशननंतर मी घराबाहेर पडत नव्हते. मागच्या एप्रिलात वैनगंगेपलीकडच्या एका गावाने बोलावलं. मी पाटीवर लिहिलं, आता काय गाऊ? वहाबभाई म्हणाले, "तुम्ही फक्त समोर बसा."

सायंकाळी त्या स्टेजवर अश्वजितची पार्टीही होती. हे मला ठाऊक नव्हतं. वहाबभाईंनी धुऱ्याचं गाणं धरलं. मी जिथे श्वास घ्यायची, तिथे ते थांबले. 'माय' शब्दावर माझा आवाज जसा थोडा खाली घसरून वर यायचा, तशी कांडी घसरून वर आली. माझा गळा माझ्यासमोर गात होता. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि तिने शब्द धरले. मग सगळा मंडप गायला लागला.

अश्वजितने कॅसिओ बंद केला आणि खाली बसला. गाणं संपल्यावर तो माझ्यापाशी आला. "ताई, गाणे तुहे होते. मी तुले विचारलं नाई."

मी पाटीवर लिहिलं, "आता विचार."

तो बराच वेळ रडला. मग म्हणाला, "गाऊ का?"

मी मान डोलावली. म्हणून हे कलम. त्याने घेतलेलं मी परत मागत नाही, मी ते त्याला देते आहे. दहा-बारा वर्षांचा राग मात्र मी कुणालाही देत नाही. रिना, तोही मागू नकोस.

कलम ४. हार्मोनियम विहाराला. पांढऱ्या साड्या गिरजाबाईला, तिने माझ्या मागे कोरस धरला. माईक बिघडलेला आहे, तो भंगारात द्यावा.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला भाषणं नकोत. त्रिशरण-पंचशील झाल्यावर वहाबभाईंना दम असेल तर त्यांनी, नाहीतर नाहीदने एक गाणं वाजवावं. कोणतं ते त्यांनी ठरवावं. ज्यांना शब्द येतात त्यांनी गावं.

साक्षीदारांबद्दल एक खुलासा. पहिली सही वहाबभाईंची असावी अशी माझी इच्छा होती. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. समोर बसलेले वहाबभाई लगेच म्हणाले, "तं खोली काटून टाका. मले सही करू द्या."

मी पाटीवर लिहिलं, "खोली घ्या."

"नाई, बाई. सही."

आम्ही असे बराच वेळ भांडलो. ते बोलून, मी लिहून. शेवटी पाटी भरली, तेव्हा ते हसले आणि खोलीला हो म्हणाले. हे लिहिताना ते त्याच खोलीत तारा जुळवत बसले आहेत. मी त्यांच्या देखत सही करते आहे. कायद्याला ते दिसत नसले तरी चालेल.

सही: सत्यशीला मुखरू शेंडे

वरील सही लिहून देणारीने आमच्यासमोर, शुद्धीत व राजीखुशीने केली आणि आम्ही तिच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. वामनराव गेडाम, निवृत्त मुख्याध्यापक, ब्रह्मपुरी
२. अंजनाबाई वालदे, शेजारी, ब्रह्मपुरी

ठिकाण: ब्रह्मपुरी
दिनांक: ९ ऑगस्ट २००४