राणी रंगाच्या साडीबद्दलचे कलम

मी, अंबिका महादेवप्पा हलकुडे, वय एकसष्ट वर्षे, नांदेडच्या विद्यापीठात टेक्सटाइल व फॅशन डिझाइन विभागात प्राध्यापक होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. राहणार नांदेड, सासर उदगीर, जिल्हा लातूर. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिते. मला कोणी भरीस घातलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. डॉ. धोंडप्पा शेटकार यांनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. येत्या सोमवारी हैदराबादला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. जीव नकोसा झाला म्हणून लिहीत नाही. ऑपरेशनला मी माझ्या पायाने जाणार आहे. पण डॉक्टरांनी जे सांगितले ते मी नीट ऐकले आहे.

दाखला मुद्दाम घेतला, कारण कलम सात वाचून सगळ्यांना शंका येईल. घर, शेत आणि माग यांच्यासाठी एवढा कागद लागला नसता. माझ्या देहावर शेवटी कोणते कापड असावे, ते ठरवून ठेवण्यासाठी हे मृत्युपत्र आहे.

वकील सुदर्शन म्हणाले, "मॅडम, मृत्युपत्र लोक दिवसकार्य झाल्यावर उघडतात. तोवर माती देऊन झालेली असते. आणि असल्या इच्छेला कायद्याचं बळ नाही." म्हणून याच्या तीन प्रती आजच तिघांच्या हातात देत आहे. एक वकिलांना, एक माझी विद्यार्थिनी आरती हिला, एक नणंद शिवकन्याअक्कांना. कायद्याचे बळ नसेल तर नसो. वाचले नव्हते असे कोणी म्हणू नये.

कलम १. माझे पती महादेवप्पा २०२१ च्या उन्हाळ्यात लिंगैक्य झाले. उदगीरला त्यांचे साड्यांचे दुकान होते. माझी एकुलती मुलगी ऋतुजा १४ जून २०२२ रोजी गेली, वय सव्वीस. दोघांना आमच्या रिवाजाप्रमाणे आमच्याच शेतात माती दिली आहे. मला दुसरे मूल नाही. जवळची माणसे म्हणजे नणंद शिवकन्याअक्का आणि त्यांचा मुलगा सत्यम.

कलम २. नांदेडचा फ्लॅट शिवकन्याअक्कांना द्यावा. त्यांनी साडेतीन वर्षे माझ्याशी बोलणे टाकले होते, तरी द्यावा. का टाकले ते कलम सहामध्ये आहे आणि त्यात त्यांची चूक नाही. बँकेत जे काही शिल्लक राहील तेही त्यांचेच.

कलम ३. उदगीर–देगलूर रस्त्याचे शेत सत्यमला द्यावे. त्याने ते कसावे, विकावे, त्याची मर्जी. मात्र बांधाकडचा कडुलिंबाखालचा कोपरा विकू नये आणि नांगरू नये. तिथे दोन समाध्या आहेत आणि त्यांच्यापासून पंधरा पावलांवर माझ्या खुंट्या आहेत.

खुंट्यांबद्दल लिहिते, म्हणजे सत्यमला कळेल. बावीस वर्षे मी शिकवले की कपडा कुठून येतो हे सगळे विचारतात, तो टाकल्यावर कुठे जातो हे कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पहिल्याच तासाला घरचा जुना कपडा आणायला लावायची आणि तो मातीत पुरायला लावायची. त्यावरून मुलांनी मला माती मॅडम नाव पाडले. विद्यार्थ्यांसाठी विभागाच्या आवारात एक वाफा होता. माझे स्वतःचे संशोधन या शेतात होते. चोवीस नमुने, चोवीस खुंट्या. देशी कापूस, अंबाडीचा धागा मिसळलेला कापूस, रेयॉन, नायलॉन, पॉलिस्टर. काही पळसाच्या फुलात रंगवलेले, काही डाळिंबाच्या सालीत, काही बाजारच्या रंगात. ठरलेल्या दिवशी उकरायचे, धुवायचे, वजन करायचे, लिहायचे.

एक गोष्ट मी त्यातून शिकले. सुती ब्लाऊज पुरला तर ब्लाऊज जातो, शिलाई राहते. बाजारचा दोरा पॉलिस्टरचा असतो. उकरल्यावर हातात दोऱ्याचे नुसते वेटोळे येते, त्यावरून बाही कुठे होती, गळा कुठे होता ते ओळखता येते. हे मी वर्गात हसत हसत दाखवायची.

कलम ४. हातमाग, रंगाची पातेली, हिरड्याची आणि पळसाची पोती, सगळ्या नोंदवह्या आणि अंबाडीवरचे अर्धे राहिलेले काम माझी विद्यार्थिनी आरती हिला द्यावे. ती आता त्याच विभागात शिकवते. अंबाडीचे काम तिने पुरे करावे. कंधारच्या ज्या दोघी बायका अंबाडी भिजवून, सोलून देतात त्यांच्याशी तिने स्वतः जाऊन बोलावे, फोनवर त्यांना पटत नाही. आरती, नोंदवहीत माझे अक्षर जिथे लागत नाही तिथे अंदाजाने आकडा घालू नकोस. जागा कोरी ठेव.

शेषेराव आमचे प्रयोगशाळा सहायक. प्रत्येक नमुना त्यांनी माझ्याबरोबर उकरला. ते या मृत्युपत्राला साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही न ठेवलेले बरे, असे वकील म्हणतात. नाहीतर कुदळ मी त्यांना दिली असती. ती तशीही त्यांच्याच घरी आहे.

कलम ५. चुलत दीर चंद्रप्पा यांना काहीही देऊ नये. मी कपडे पुरते हे बघून ते गावभर म्हणत, "प्रोफेसर वैनी चिंध्या पेरायल्यात, यंदा लुगडी उगवतील." ते मी सोडून दिले. पण त्यांनी अकरा नंबरची खुंटी उपटून शेळी बांधायला नेली, त्यामुळे एका वर्षाचे काम वाया गेले. ती खुंटी त्यांच्याकडेच राहू द्यावी.

कलम ६. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही.

जानेवारी २०२२ मध्ये आमच्या विभागाचे प्रदर्शन होते. ऋतुजा लातूरला बँकेत होती, ती मुद्दाम आली. अंगावर राणी रंगाची, पॉलिस्टर जॉर्जेटची साडी होती. तिच्या अप्पांनी दुकानातून तिला दिलेली ती शेवटची साडी. मी विद्यार्थ्यांच्या घोळक्यात उभी होते. ती जवळ आली तसा मी तिचा पदर हातात धरला आणि मुलांना म्हणाले, "हे बघा. हे कापड नव्हे, प्लॅस्टिक आहे. पाचशे वर्षं मातीत असंच पडून राहील." मुले हसली. ऋतुजाही हसली.

बाहेर रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "आई, मी काय तुझी स्लाइड हाय का?"

मी म्हणाले, "अगं, उदाहरण दिलं."

"उदाहरणाला तुझं कपाट कमी पडलं? अप्पांनी दिलीय ती."

बसस्थानकावर उतरून तिने लातूरची बस धरली. चुकले म्हणून तिला सांगायचे होते. फोनवर नको, समोर आली की सांगू, असे म्हणता म्हणता पाच महिने गेले. ती दोनदा येऊनही गेली. मी प्रबंध तपासत होते.

चौदा जूनला लातूरहून उदगीरला येताना तिची स्कूटी रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळली.

घरी आणल्यावर बायकांनी तिला आंघोळ घातली. शिवकन्याअक्कांनी कपाटातून ती राणी रंगाची साडी काढून आणली. त्यांनी तिला इस्त्रीही केली होती. म्हणाल्या, "वैनी, ही नेसवा. माझ्या अण्णानं दिलेली हाय. लई जीव होता तिचा हिच्यावर."

मी म्हणाले, "ही मातीत जायची नाही."

"अवो, लेकरू मातीत चाललंय, अन् तुमाला साडीचं पडलंय?"

मी माझ्या पेटीतून पळसात रंगवलेली सुती साडी काढली. माझ्या हातची होती. तीच नेसवली. अक्का दारातून बाहेर जाताना म्हणाल्या, "तुमचं शिकवणं काय सुटत न्हाई बघा." त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी जे केले ते शास्त्राने बरोबर होते. तेच मला सोसत नाही. चुकीचे असते तर एव्हाना कोणापुढे तरी रडले असते.

उदगीरच्या काळ्या मातीत, पावसाळ्यात, पळसात रंगवलेले सुती कापड एकशे चार दिवसांत हाताला लागत नाही. हा माझाच आकडा आहे, माझ्याच नोंदवहीतला. समाधीचा खड्डा खोल असतो, तिथे वेळ जास्त लागतो, हेही मला माहीत आहे. तरी मोजणे थांबले नाही. एकशे चारावा दिवस सव्वीस सप्टेंबरला आला. त्या दिवशी मी वर्गात शिवणीचे प्रकार शिकवत होते. फळ्यावर रेघ ओढली आणि कळले की आता माझ्या लेकीच्या अंगावर फॉलचा दोरा तेवढा राहिला असेल. फॉल मी बाजारच्या दोऱ्याने लावला होता. मी खडू ठेवला आणि तास संपायच्या आधी बाहेर आले. तेव्हापासून लेकरू उघडे आहे, एवढेच डोक्यात असते. ते खरे नाही. तिथे आता अंग नाही, माती आहे. मी शिकलेली बाई आहे. तरी मला कोणत्याही कपड्याची ऊब लागत नाही.

त्याच आठवड्यात मी त्या राणी साडीच्या ब्लाऊजपीसमधून उरलेला वीतभर तुकडा शेतात पुरला. पंचविसावी खुंटी ठोकली. नोंदवहीत लिहिले नाही. शेषेरावांनाही सांगितले नाही. या सप्टेंबरात तीन वर्षे झाली म्हणून एकटीने उकरला. मातीचा गोळा झाला होता. बोअरच्या नळाखाली धरला. माती गेली आणि राणी रंग वर आला, दुकानातून आणला तेव्हा होता तसा.

कलम ७. मी मेल्यावर माझ्या अंगावर ती राणी रंगाची जॉर्जेट साडी नेसवावी. दुसरे कोणतेही कापड घालू नये.

मला ऋतुजाच्या शेजारी, तिच्या डाव्या अंगाला, आमच्यात बसवून माती देतात तसे, बसवावे. विभूती, बेल, जे काही आमचे जंगम अय्या सांगतील ते करावे. पदर माझ्या डोक्यावरून न घेता तिच्या बाजूला मोकळा सोडावा. तो जितका लांब जाईल तितका जाऊ द्यावा.

आरती, तू माझ्यासाठी अंबाडीचे कापड विणून ठेवले आहेस, हे मला शेषेरावांनी सांगितले. तू मला म्हणालीस, "मॅडम, तुम्हीच पॉलिस्टरमध्ये गेलात तर मी पोरांना काय शिकवू?" जे खरे आहे तेच शिकव. पॉलिस्टर मातीत जात नाही. मला ते जायलाच नको आहे. तुझे कापड चांगले असणार, तुझा हात चांगला आहे. ते सव्विसावा नमुना म्हणून पूर आणि नोंद ठेव. माझ्यावर घालू नकोस. पंचविसावा नमुना तू नोंदवहीत लिही, आठवडा वर दिला आहे.

या कलमासाठी मी शिवकन्याअक्कांना व्यवस्थापक नेमते. गेल्या रविवारी मी ती साडी घेऊन त्यांच्या घरी गेले होते.

त्या म्हणाल्या, "या वैनी. साडेतीन वर्षांनी रस्ता सापडला म्हणायचा."

मी साडी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "मी परत आले नाही तर मला ही नेसवा, अक्का."

"तुमाला? ही मातीत जायची न्हाई म्हणला होता की."

"नाही जाणार. म्हणूनच पाहिजे."

त्यांनी घडीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तवा लेकराला दिली न्हाई. अन् आता सोताला पायजे?"

पदर तिच्याकडे सोडा, एवढेच मी दोनदा सांगितले. त्या उठल्या, चहा केला. आम्ही दोघींनी चहा घेतला. त्या हो म्हणाल्या नाहीत. साडी मात्र परत दिली नाही.

त्यांनी हे केले नाही तर त्यांना कोणी बोलू नये. फ्लॅट तरीही त्यांचाच.

शेवटचे. माझ्या जागेवर खुंटी ठोकू नये, नंबर घालू नये. हा नमुना नाही. ते कापड कसे झाले हे बघायला कोणीही, कधीही उकरू नये.

वर लिहिलेले मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सही केली.

ठिकाण : उदगीर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) अंबिका महादेवप्पा हलकुडे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. धोंडप्पा शेटकार, उदगीर
२. (सही) शेषेराव वाघमारे, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, नांदेड

व्यवस्थापकाची पोच, त्यांच्या स्वतःच्या हातची :

कागद मिळाला. साडी माझ्यापाशी हाय. तिचा फॉल सुटलाय, तो लावून ठेवते. दोरा सुती घेऊ का तसलाच, ते वैनी तुमी सोता येऊन सांगा. तवर मी सुई ओवनार न्हाई.

(सही) शिवकन्या