वीतभर झाडांचं रान

गोडदेव, भाईंदर पूर्व
९ जुलै २००६

चि. संपदा हिस, आत्याचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण भांडी पॉलिशचं काम बसूनच असतं, त्यामुळे चाललंय. पाणी अजून एक दिवसाआड. शेजारच्या हंसाबेन रोज विचारतात, "संपदा उधर खाती क्या है?" खरंच, काय खातेस गं? दोन महिने नुसतं हवाबंद डब्यातलं?

परवा त्यांच्या सुनेने कॉम्प्युटरवर तुझं ते कॅनडातलं राष्ट्रीय उद्यान दाखवलं. मला वाटलं होतं, बोरिवलीसारखं गेट असेल, तिकिटाची खिडकी असेल. तर नुसते डोंगर, बर्फ आणि दगडगोट्यांत उभं एक चिमुकलं विमान. रस्ताच नाही! मग हद्द संपली हे त्या केसाळ कस्तुरी बैलांना कळतं कसं? आणि सूर्य मावळतच नाही तर कोंबडं आरवण्याचं सोड, तुम्ही दिवा कधी लावता, झोपता कधी?

तू अभ्यासतेस ते झाडही पाहिलं. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या जातीचं, आणि उंची वीतभर! जमिनीला चिकटून शंभर वर्षं जगतं म्हणे. मी सुनेला तीनदा विचारलं, "हे झाडच ना? गवत नाही ना?"

अस्वल आलं तर भांडी वाजवायची असं तू फोनवर म्हणालीस. ती स्टीलची की ॲल्युमिनियमची? ॲल्युमिनियमचा आवाज लांब जात नाही.

त्याच फोनवर तू आणखी एक म्हणालीस. "आत्या, इथल्या प्रोफेसर मॅडमनी मला गेल्या वर्षीही बोलावलं होतं. उत्तर आलं नाही म्हणून दुसरी मुलगी घेतली. पत्र पोस्टातच हरवलं असणार." मी म्हटलं, "असेल." मग लाइन गेली. की मीच ठेवला फोन, आठवत नाही.

पत्र हरवलं नव्हतं. तू मीरा रोडला क्लासवर शिकवायला गेली होतीस, पोस्टमनने माझ्या हातात दिलं. इंग्रजी मला येत नाही, पण पाकिटावरचं कॅनडाचं तिकीट ओळखलं; तू त्याचीच वाट पाहत होतीस. तुला दाखवायचं म्हणून संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवलं होतं. तू दारात आलीस आणि मी ते पदराखाली घेतलं. तुझे बाबा, माझा काशीदादा, गेल्यापासून घरात आपण दोघीच. तू गेलीस तर परत येणार नाहीस, एवढंच डोक्यात होतं.

महिनाभर तू रोज विचारायचीस, "टपाल आलं?" मी नाही म्हणायचे. नंतर तू विचारणंच सोडलंस. ते मला जास्त लागलं. म्हणून यंदाचं पत्र आलं तेव्हा मी चपला न घालता क्लासपर्यंत रिक्षाने आले. तू हसलीस. मी का रडतेय हे तुला कळलं नाही.

तुझ्या मॅडम यंदा निवृत्त होतायत. त्यांच्या हाताखाली तुला दोन उन्हाळे मिळायचे होते, माझ्यामुळे एकच मिळाला. हे भरून कसं द्यायचं मला ठाऊक नाही. ते पाकीट न फोडता ठेवलं होतं, या पत्रासोबत पाठवतेय. मॅडमना दाखव. मुलीची चूक नव्हती, हे त्यांना कळू दे.

पुढच्या वर्षी कुणी बोलावलं तर जा. मला विचारू नकोस, नुसतं सांग.

रागावून लिहायचं असेल तर तसं लिही. पण तिथे ऊन रात्रभर असतं तर सावली कुठे जाते, तेही लिही.

तू अजून म्हणत असशील तर, तुझी आत्या,
आनंदी