बेडरूममधला सूर्यनारायण

२१ जानेवारी, बुधवार
मिहिकाचा ब्लड रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी नऊ. निदान तीस हवं. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक कॅप्सूल लिहून दिली. खाली फार्मसीतल्या लियाकतला विचारलं, वरचं टरफल कशाचं? माणूस प्रामाणिक. म्हणाला, जिलेटिन, जनावराचं. पाकीट त्याच्या काउंटरवर आपटून घरी आले. एकोणीस वर्षांच्या माझ्या लेकीच्या पोटात कुणाचं हाड जाणार नाही. थेंबांचंही औषध मिळतं असं तो मागून ओरडत होता. ऐकायला थांबले नाही. मी मॅट्रिक आहे, डी सूर्यापासून मिळतं एवढं कळतं.
अडचण एकच. आखातात ऊन रग्गड, पण गच्चीला वॉचमनचं कुलूप, बाल्कनीत समोरच्या टॉवरची सावली.

२४ जानेवारी, शनिवार
देवाने वाट दाखवली. एक गोरी बाई देश सोडून चाललीय, घरातलं सगळं विकायला काढलंय. त्यात सनबेड. माणूस मावेल एवढी पेटी, वर झाकण, आत निळ्या नळ्या. साडेतीनशे दिरहम म्हणाली, म्हणजे साडेआठ हजार रुपये. दोनशेवर आणली. शेवटी बिचारीचा आवाज बसला.
झाकणावर लाल स्टिकर होता, बारीक इंग्रजीत बरंच काही. दिसायला वाईट. सुरीने खरवडून काढला आणि कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी
आजच्यासारखा मुहूर्त नाही. पेटीपुढे दूध उतू घालवलं. मिहिका इंग्रजीत भांडली: हे टॅन होण्यासाठी असतं, मुलींना यातून कॅन्सर होतो. मी सांगितलं, तो गोऱ्यांना होतो. आपली कातडी सावळी, घट्ट.
दहा मिनिटं झोपवली. लाल होऊन बाहेर आली. तेज म्हणतात ते हेच.

३० जानेवारी, शुक्रवार
दहा मिनिटांत एवढं तेज तर वीस मिनिटांत किती? गणित साधं आहे. आजपासून वीस. मध्येच उठायला बघत होती, म्हणून झाकणावर दोन्ही कोपरं दाबून दोन माळा जप केला. आतून लाथा मारत होती. माळ तुटू दिली नाही.
काळे चष्मे दिले नाहीत. डी डोळ्यांनाही लागत असणार.

३१ जानेवारी, पहाटे
डोळे उघडत नाहीत म्हणते. मिरची टाकल्यासारखी आग. फोन फार बघते, दुसरं काय. उद्यापासून चष्मा देणार. मी हट्टी नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
पाठीवर फोड. दोन फुटले. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी कातडी निघाली. बेसन-हळद चोळली. एवढी किंचाळली की शेजाऱ्यांनी भिंत बडवली. एक थोबाडीत दिली. हळूच. तिचा ओठ आधीपासून फुटलेला होता.
हे रुवैसला रिफायनरीत, महिन्यातून एका शुक्रवारी रात्री घरी येतात. फोनवर विचारलं, सगळं ठीक ना? ठीक, म्हटलं. पाच दिवस सुट्टी दिली. मिहिकाला. पेटीलाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
पुन्हा टेस्ट. डी नऊच. लॅबवाल्याच्या टेबलावर मूठ आपटली, त्याचा चहा सांडला. त्याचं मशीन बिघडलंय. पेटीचं सांगितलं तर म्हणाला, असल्या पेट्यांतून टॅन होतं, डी जवळपास मिळत नाही. उद्धट.
आणखी पंधरा दिवस, मग बघू.

२० फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळी
समोरच्या फ्लॅटमधली कशफ स्किन क्लिनिकमध्ये नर्स आहे. इफ्तारच्या आधी भज्यांचं ताट द्यायला आली आणि ओरडणं ऐकून सरळ बेडरूममध्ये घुसली. माझ्या बेडरूममध्ये. प्लग उपटला. मिहिकाच्या डाव्या खांद्यावरचा तीळ बघून ताट खाली ठेवलं. काळा, कडा वेड्यावाकड्या, रक्त येतंय. कधीपासून? मिहिका म्हणाली, वर्षभर आहे, चार महिन्यांपासून वाढतोय. मला माहीत होतं. मी त्याला लक्ष्मीचा तीळ म्हणायची.
कशफ म्हणाली, ही आत्ता माझ्याबरोबर येणार. मी दारात उभी राहिले. पोळ्या चालल्या होत्या, लाटणं हातातच होतं. फक्त उगारलं. लागलं ते आपोआप. तिच्या मनगटाचा आवाज आला. दिवसभराचा उपास होता तिचा, तरी तिने शिवी दिली नाही. दुसऱ्या हाताने मिहिकाला धरून घेऊन गेली.

त्याच रात्री
हे मिहिकाला भेटून आले. तेवीस वर्षांत आवाज चढवला नाही त्या माणसाने हातोडा काढला. नळ्या फटाक्यांसारख्या फुटल्या. थांबा, विकता येईल, मी ओरडत होते. त्यांच्या तळव्यातून काच काढायला अर्धा तास लागला. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. थकले असतील.

२१ फेब्रुवारी, शनिवार
कशफ पोलिसात गेली नाही. म्हणजे चूक तिचीच होती.
तिळाचा तुकडा तपासायला पाठवलाय. रोज अकरा माळा करणार. काही निघणार नाही.

६ मार्च, शुक्रवार, हॉस्पिटलच्या बाकावर
मेलानोमा. कातडीचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडला, पातळ आहे. आज भोवतीचं मांस काढतील, मग बहुतेक बरी होईल. याच पेटीने झाला असं सांगता येत नाही. पण कोवळ्या वयातलं प्रत्येक भाजणं धोका वाढवतं आणि आता जन्मभर तपासत राहायचं. किती वेळ झोपायची, विचारलं. मी म्हटलं, कधीतरी, पाचेक मिनिटं. मिहिकाने माझ्याकडे बघितलं आणि खरा आकडा सांगितला. डॉक्टरांनी तो लिहून घेतला.
हे गाडी पार्क करायला गेले होते. नर्स आली, एकच जण आत चला म्हणाली. मी पर्स उचलून उठले.
"आई, तू बाहेर थांब," मिहिका म्हणाली. मग प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून उभ्या असलेल्या कशफला: "आंटी, आप आइए।"
दार बंद झालं. भूल द्यायचं इंजेक्शन टोचलं असावं. आतून मिहिका ओरडली.
मी उठून दारापर्यंत गेले. हाक कशफला होती.