एका पाकिटात दोन दाखले

प्रिय बाबूजी,

उद्या सकाळच्या गाडीनं मी नागपूरला चालली. नर्सिंगला नंबर लागला, होस्टेलही मिळालं. आज दुपारभर कागदांची फाईल लावून राहिली होती, ती आत्ता झाली. घरातला एक कागद हलला तरी तुम्हाला सांगावं लागे, म्हणून हे पत्र. नाहीतर म्हणाल, "मले न विचारता कायले हात लावला?"

फाईल निळी आहे, आत कप्पे आहेत. आधी मार्कशीट, मग टीसी, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, आधार. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. फोटो वेगळ्या पाकिटात. शेवटच्या कप्प्यात तुमचा मृत्यूचा दाखला. तो स्कॉलरशिपला लागते. माय म्हणे, "हा तरी लॅमिनेशन करून आण, त्यायले आवडलं असतं." आम्ही दोघी हसलो. मग ती पटकन उठून चिवडा परतायला गेली. मीठ दोनदा पडलं आहे, मी काही सांगितलं नाही.

तुमचं ते लॅमिनेशन! कुडव्याच्या नाक्यावरचा झेरॉक्सवाला तुमची गाडी दुरून दिसली की मशीन गरम करायला लावे. रेशन कार्ड, सातबारा, माझं लसीचं कार्ड, पंख्याची वॉरंटीसुद्धा. पंखा भंगारात गेला, वॉरंटी अजून चकचकीत आहे! गावाकडच्या घरी वाळवीनं पेटीतले कागद खाल्ले तेव्हापासून तुम्ही धसका घेतला होता, मला माहीत आहे. पण बाबूजी, आज्याचा दाखला?

मागच्या वर्षी जात पडताळणीच्या अर्जासाठी आज्याच्या शाळेचा दाखला लागत होता. तुम्ही तो इतकी वर्षं जपला, कबूल. पण तो आणि तुमचा सातवीचा दाखला पाठीला पाठ लावून लॅमिनेशनच्या एकाच पाकिटात बंद करून आणला! शिक्का आणि हेडमास्तरची सही आज्याच्या दाखल्याच्या मागच्या बाजूला. कॉलेजमधले बाबू म्हणाले, "मागची बाजू दाखव." कुठून दाखवू? कोपऱ्यातून ब्लेड लावून पाहिलं, तर कागदाचा पापुद्राच निघाला.

त्या दिवशी घरी येऊन मी काय बोलली, ते तुम्हाला आठवत असेल. मला रोज आठवते. "अडाण्यासारखं काऊन केलं?" असं मी म्हटलं. आपल्या बापाला! तुम्ही जेवत होते. "आता सडत नाही ना तो, पाह्य," एवढंच बोलले आणि अर्धं ताट ठेवून बाहेर गेले.

"माझं चुकलं" हे तुमच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नाही. आमगावच्या लग्नाला जायचं म्हणून आम्हाला बालाघाटच्या गाडीत बसवलं होतं, तरी म्हणाले, गाडीच चुकीची लागली. त्या दिवशीही मला वाटलं, यांना काहीच नाही! म्हणून मीही हट्टाला पेटली. हो-नाही एवढंच बोलायची. तुम्ही "बाई, चहा घेते का?" विचारलं, तर मी मान हलवली, तीही मोबाईलमधून वर न पाहता.

दहाव्या दिवशी तुमच्या छातीत दुखलं आणि सगळं संपलं.

नंतर मी त्या पाकिटाला हात लावला नाही. पेटीत तळाशी टाकून दिलं. बारावीचा पेपर, निकाल, फॉर्म, सगळं होत गेलं आणि यादीत नाव आलं. तेव्हा नर्सिंग कॉलेजनं सांगितलं, चार दिवसांत पडताळणीचा अर्ज भरल्याची पावती आणा, नाहीतर सीट दुसऱ्याला जाईल. आणि अर्जाला आज्याचा दाखला पाहिजे! मायच्या तोंडचं पाणी पळालं.

मी तुमचीच गाडी काढली आणि गावच्या शाळेत गेली. नवीन प्रत मिळायला पंधरा दिवस लागतात, हे तिथं भिंतीवरच लिहून होतं. तरी मॅडमना आज्याचं नाव सांगितलं. त्यांनी कपाट उघडलं, एक गठ्ठा सोडला, आणि म्हणाल्या, "अवो, हे तर कधीचंच तयार आहे! एक भाऊ अर्ज देऊन गेले होते मागच्या वर्षी. पंधरा दिवसांनी या म्हटलं, तर आलेच नाही. आम्ही वाट पाहून राहिलो."

मी म्हटलं, "ते आता येत नाहीत मॅडम. मी त्यांची मुलगी."

दाखल्याला तुमचा अर्ज टाचलेला होता. ते तुमचं अक्षर, मुंग्यांच्या रांगेसारखं! लिहिलं होतं: "मूळ दाखला माझ्या चुकीने खराब झाला. यात मुलीचा दोष नाही. तिचे शिक्षण थांबू नये म्हणून दुसरी प्रत द्यावी, ही विनंती."

माझ्या चुकीने! तिथं, त्या अनोळखी बाईसमोर लिहून दिलं, आणि घरी एक शब्द नाही? मी तिथंच रडली, बाबूजी. मॅडमनी पाणी दिलं. रजिस्टरमध्ये तुमच्या नावापुढे सहीची जागा कोरी होती, तिथं मी सही केली. त्यांनी अर्जाची झेरॉक्सही काढू दिली.

घरी येऊन मायला अर्जावरची तारीख सांगितली. ती म्हणे, "भांडणाच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. शेतावर बांधीतलं धान पाहून येतो म्हणून गेले होते. मी म्हटलं, पांढरा शर्ट घालून कोणी बांधीत जाते काय?" तिला तेव्हाच शंका आली होती. मला तुमच्या शर्टाकडे पाहायची फुरसत नव्हती.

सांगायचं होतं ना! एवढंच म्हणायचं होतं, "बाई, अर्ज देऊन आलो." मी त्याच दिवशी चहा घेतला असता. नऊ दिवस, बाबूजी! नऊ दिवस आपण एका घरात मुक्यासारखे राहिलो. तुम्ही दाखला हातात ठेवूनच बोलणार होते, हो ना? आणि मी तुमच्या बोलायची वाट पाहून राहिली होती.

असो. पावती मिळाली, सीट पक्की झाली. ती पावतीही फाईलमध्ये आहे.

काल नाक्यावर गेली. झेरॉक्सवाल्यानं तुमची गाडी पाहून सवयीनं मशीन गरम करायला लावली, मग मला पाहून हातातलं काम बाजूला ठेवलं. मी तुमच्या अर्जाची झेरॉक्स दिली. त्यानं विचारलं, "एकच?" म्हटलं, "एकच. आणि पाकिटातही एकच टाका." तो कागद फाईलमध्ये नाही, माझ्या उशीच्या खोळीत नागपूरला येईल.

आता वचन. मूळ कागद मी कधी लॅमिनेट करणार नाही. मायला रोज फोन करीन. आणि माझी चूक झाली, तर मी ती त्याच दिवशी, त्याच माणसाच्या तोंडावर सांगीन. तुमच्यासारखी अर्जात लिहून ठेवणार नाही, आणि माझ्यासारखी दहावा दिवस उजाडू देणार नाही.

सुरुवात इथूनच करते. उशीर झाला, माहीत आहे.

बाबूजी, मी चुकली.

तुमची,
रोशनी