आईच्या नावावरच्या गोळ्या

चि. ठमीस, बाबांचे आशीर्वाद.

माशाच्या तेलाच्या गोळ्या पोचल्या. आईचं विसरणं वाढलंय, म्हणून पाठवल्या असं तू कळवलं होतंस. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "यानं माशाचे ढेकर येतात. मी एकटीनंच का द्यायचे? तुम्हीही घ्या." तेव्हापासून मीही घेतो. शिवाय सकाळी अक्रोड, भाजीवर जवसाची पूड आणि अधूनमधून मासे. मेंदूला लागणारी ही चरबी अंगात आपोआप तयार होत नाही, खावीच लागते, हे तिनं मला शिकवणीला बसवल्यासारखं समजावलं.

आता ऐक. माझं गॅरेज या कानांवर उभं राहिलंय. गाडी फाटकात शिरायच्या आत मला बिघाड कळतो. परवा तुझी आई स्वयंपाकघरात फोनवर तुला हळूच सांगत होती, "अगं, माझ्या नावावर घेतात बिचारे. गोळ्या त्यांच्यासाठी आहेत, हे तू बोलू नकोस हं."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

काल जेवताना तिनं विचारलं, "आज वार कोणता हो? माझ्या डोक्यातून गेला बघा."

"मंगळवार."

"हो की," म्हणाली आणि मला मासा वाढला.

हात धुतल्यावर पेपर पाहिला. बुधवार होता.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू तिला फोन करशील आणि तिला अवघडल्यासारखं होईल. उद्या मी तिला म्हणणार आहे, "चल, तुझ्या विसरण्याचं डॉक्टरांना दाखवू. सोबत आलोय म्हणून मलाही तपासतील." माझ्याआधी तिच्या पायात चप्पल असेल.

तुझे,
बाबा